सातारा-सांगली परिसरातील शाळागृहे, नैसर्गिक प्रकाश आणि विद्यार्थ्यांची दृष्टी : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शिक्षणाच्या इतिहासावर विपुल लेखन झाले आहे. संस्थांची स्थापना, संस्थापकांची चरित्रे, शासकीय धोरणे, अभ्यासक्रम आणि बहुजन समाजापर्यंत पोहोचलेला शिक्षणप्रसार या अंगांनी या इतिहासाची मांडणी झालेली दिसते. तथापि, ज्या खोलीत प्रत्यक्ष शिकणे-शिकविणे घडले त्या खोलीचा, तिच्या भिंतींचा, खिडक्यांचा आणि त्यांतून येणाऱ्या उजेडाचा विचार इतिहासलेखनात अभावानेच झाला आहे. वर्गखोली ही शिक्षणाची निव्वळ पार्श्वभूमी असते, असे गृहीत धरले गेले. वस्तुतः विद्यार्थी दिवसाचे पाच-सहा तास याप्रमाणे दहा-पंधरा वर्षे या खोलीत काढतो. तेथील प्रकाशाचा परिणाम त्याच्या डोळ्यांवर, झोपेवर, चित्तवृत्तीवर आणि अध्ययनावर होतो.

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे या अभ्यासासाठी निवडण्यामागे काही कारणे आहेत. सन १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला व १९६० साली त्याचे नाव सांगली असे झाले. त्यामुळे या दोन्ही जिल्ह्यांचा पूर्वेतिहास बऱ्याच अंशी समाईक आहे. ब्रिटिश अंमलाखालील सातारा आणि सांगली, मिरज, औंध, जत, फलटण ही संस्थाने येथे शेजारी नांदत होती. रयत शिक्षण संस्थेचा उदय याच भूमीत झाला. महाबळेश्वर-पाटणकडील अतिपावसाचा पट्टा आणि माण-खटाव-आटपाडी-जतकडील अवर्षणग्रस्त पट्टा येथे एकत्र आढळतात, त्यामुळे प्रकाशाचे दोन भिन्न प्रश्न एकाच प्रदेशात अभ्यासता येतात.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. सातारा-सांगली परिसरातील शाळागृहांच्या स्वरूपात झालेल्या बदलांचा नैसर्गिक प्रकाशाच्या दृष्टीने मागोवा घेणे.
२. विद्यार्थ्यांच्या दृष्टिविषयक प्रश्नांचे बदलते स्वरूप स्पष्ट करणे.
३. आधुनिक संशोधनाच्या प्रकाशात या ऐतिहासिक अनुभवाचे मूल्यमापन करणे.

अभ्यासपद्धती व मर्यादा

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. विवेचन मुख्यतः प्रकाशित साधनांवर आधारलेले आहे. जुन्या शाळांतील प्रकाशाची मोजमापे उपलब्ध नसल्याने इमारतींचे स्वरूप, स्थानिक हवामान आणि अध्यापनाच्या प्रथा यांवरून अनुमान काढणे क्रमप्राप्त ठरते. अशी अनुमाने त्या त्या ठिकाणी अनुमाने म्हणूनच मांडली आहेत.

पंतोजींची शाळा : कानाचे शिक्षण

ब्रिटिशपूर्व काळातील गावशाळा ही स्वतंत्र इमारतीत भरत नसे. देवळाचा सभामंडप, वाड्याची ओसरी, एखादी पडवी किंवा झाडाची सावली ही तिची ठिकाणे होत. या जागा बहुधा एका किंवा दोन बाजूंनी मोकळ्या असल्याने तेथे दिवसाचा उजेड मुबलक असे. याउलट राहती घरे अंधारी असत. पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यातील धाब्याच्या घरांच्या भिंती जाड मातीच्या असत आणि उन्हाच्या तापापासून बचाव व्हावा म्हणून खिडक्या लहान ठेवीत किंवा ठेवीतच नसत. छताला ठेवलेल्या साण्यातून काय तो उजेड आत येई. पश्चिमेकडे पावसाची झड आत येऊ नये म्हणून पावसाळ्यात ओसरी झाकून घेत. त्यामुळे आधीच ढगाळ असलेला दिवस घरात अधिकच काळोखी होई. अशा परिस्थितीत मुलाला घरापेक्षा शाळेत अधिक उजेड मिळत असावा.

तथापि, या शिक्षणाला उजेडाची गरज तुलनेने कमी होती, ही बाब महत्त्वाची आहे. पाढे, पावकी, निमकी, औटकी यांचे सामूहिक पाठांतर हा शिक्षणाचा गाभा होता. धूळपाटीवर बोटाने किंवा काडीने काढलेली अक्षरे मोठी असत. बोरूने लिहिलेली मोडी अक्षरेही बारीक छापील टाइपाच्या मानाने ठळकच म्हणावी लागतील. म्हणजेच हे शिक्षण प्राधान्याने कानाचे व जिभेचे होते. डोळ्यांना जवळच्या बारीक कामाचा दीर्घकाळ ताण पडण्याचे प्रसंग त्यात थोडे होते.

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात छापील क्रमिक पुस्तके प्रचारात आली. सन १८५५ मध्ये शिक्षणखाते स्थापन झाले. परीक्षा, इयत्ता, तपासणी आणि पुस्तक या चौकटीत शाळा बसविण्यात आली. पाठांतर संपले नाही, पण पुस्तक डोळ्यांसमोर धरून वाचणे ही शाळेतील प्रमुख क्रिया बनली. शिक्षण कानाकडून डोळ्यांकडे सरकले आणि त्याच सुमारास ते ओसरीवरून खोलीत गेले. डोळ्यांचे काम वाढत असताना त्यांना मिळणारा उजेड मात्र घटू लागला. शाळेतील प्रकाशाचा प्रश्न येथून सुरू होतो.

युरोपातील शालेय आरोग्यविचार

हा प्रश्न केवळ आपल्याकडे निर्माण झाला असे नव्हे. जर्मनीतील ब्रेस्लाऊ येथील नेत्रतज्ज्ञ हेरमान कोन यांनी १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासून १८६७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेड्यातील प्राथमिक शाळांत निकटदृष्टितेचे, म्हणजे लांबचे धूसर दिसण्याच्या दोषाचे, प्रमाण एक टक्क्याच्या आसपास होते. शहरातील उच्च माध्यमिक शाळांत ते सुमारे २६ टक्क्यांपर्यंत गेलेले आढळले. इयत्ता वाढत जाई तसा दोषही वाढत जाई. कोन यांनी अपुरा प्रकाश, सदोष बाके आणि अतिवाचन यांना जबाबदार धरले. जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक-पंचमांश इतके खिडक्यांचे क्षेत्रफळ असावे, असा आग्रह त्यांनी धरला. लंडन स्कूल बोर्डाचे वास्तुविशारद ई. आर. रॉबसन यांनी १८७४ मध्ये शाळावास्तूंवरील आपल्या ग्रंथात प्रकाशयोजनेला महत्त्वाचे स्थान दिले. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या हाताची सावली कागदावर पडू नये म्हणून उजेड डावीकडून यावा, हा नियम याच काळात रूढ झाला.

हे नियम थंड, ढगाळ आणि उत्तरेकडील प्रदेशांसाठी तयार झाले होते. सातारा-सांगली परिसर सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर वसलेला आहे. येथे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेस असतो, तर डिसेंबरमध्येही तो दक्षिणेस सुमारे ५० अंश उंचीवर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर साधा छज्जा असला तरी थेट ऊन अडते व उजेड मिळतो. पश्चिमेची खिडकी मात्र दुपारी तापते आणि पावसाळ्यात झड घेते. म्हणजेच येथे उत्तर-दक्षिण खिडक्या, त्यांवर छज्जा किंवा व्हरांडा आणि पश्चिमेला भिंत ही रचना सयुक्तिक ठरते. जुन्या दगडी शाळागृहांना असणारे व्हरांडे याच अनुभवातून आलेले दिसतात. फक्त व्हरांडा फार खोल आणि खिडकी फार ठेंगणी असेल तर आतील रांग अंधारात राहते, हा त्यांचा दोष होय.

राजवाड्यातील वर्ग आणि कोपऱ्यातील जागा

साताऱ्यातील शासकीय हायस्कूल, म्हणजे आजचे प्रतापसिंह हायस्कूल, हे जुन्या राजवाड्याच्या वास्तूशी जोडले गेलेले आहे. वाडापद्धतीच्या वास्तूत प्रकाशाचा मुख्य स्रोत चौक असतो. रस्त्याकडील भिंत बंदिस्त आणि चौकाकडील बाजू मोकळी, अशी तिची रचना. चौकालगतच्या सोप्यात भरपूर उजेड मिळतो, परंतु जसजसे आत जावे तसतसा तो झपाट्याने कमी होतो. राहण्यासाठी बांधलेली वास्तू शाळेसाठी वापरली की विद्यार्थी कोठे बसतो यावर त्याच्या वाट्याचा उजेड ठरतो.

या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर यांनी इंग्रजी पहिलीत प्रवेश घेतला. हा दिवस महाराष्ट्रात 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे आत्मकथनपर टिपणांत आपल्या शालेय अनुभवांची नोंद केली आहे. वर्गात त्यांना इतर मुलांपासून दूर, कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. शिपायाने नळ सोडल्याखेरीज पाणी पिता येत नसे. या नोंदीचे सामाजिक महत्त्व सर्वपरिचित आहे. शाळागृहाच्या अभ्यासकाने तिच्याकडे आणखी एका अंगाने पाहावयास हवे. वर्गातील जागा ही प्रकाश, वारा, फळ्यापासूनचे अंतर आणि शिक्षकाची नजर यांची वाटणी असते. ही वाटणी जातीने ठरत होती. अनेक गावांत अस्पृश्य मानलेल्या मुलांना वर्गाबाहेर, व्हरांड्यात किंवा दाराशी बसविले जाई. तेथे उजेड असेल, परंतु फळा दिसत नसे व शिक्षकाचा आवाज नीट ऐकू येत नसे. त्यामुळे 'पूर्वीच्या शाळा मोकळ्या व प्रकाशमान होत्या' असे सरसकट विधान इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. प्रकाश किती होता याबरोबरच तो कोणाच्या वाट्याला आला, हाही प्रश्न विचारावा लागतो.

औंध संस्थान : सूर्य आणि शालेय आरोग्य

औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी सूर्यनमस्काराचा केलेला प्रसार हा या परिसराच्या शिक्षणेतिहासातील एक वैशिष्ट्यपूर्ण अध्याय आहे. संस्थानचा मुलूख सलग नव्हता. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर आटपाडी व कुंडल सांगली जिल्ह्यात. भवानरावांनी स्वतः नित्य सूर्यनमस्कार घातले, त्यांवर पुस्तके लिहिली आणि संस्थानातील शाळांत मुला-मुलींसाठी त्यांचा पाठ सुरू केला. सन १९३८ मध्ये लंडनहून 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९१८ पासून औंधला स्थायिक झालेले पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनीही सूर्योपासनेच्या विचाराला वैदिक आधार देणारे लेखन केले.

याच काळात युरोपात 'मोकळ्या हवेतील शाळा' ही चळवळ जोर धरत होती. १९०४ साली बर्लिनजवळील शार्लोटेनबुर्ग येथे अशक्त मुलांसाठी अशी शाळा निघाली. क्षयरोगाच्या भीतीतून आलेली ती चळवळ आणि व्यायामाच्या प्रेरणेतून आलेला औंधचा उपक्रम यांची मुळे वेगळी आहेत. पण मुलांना दिवसाचा काही भाग भिंतींबाहेर, उजेडात काढावयास लावणे हा दोहोंचा समान परिणाम होय. औंधच्या उपक्रमामागे दृष्टिदोष टाळण्याचा हेतू होता असे म्हणता येणार नाही. आजच्या ज्ञानानुसार सूर्याकडे थेट टक लावून पाहणे दृष्टिपटलास अपायकारक असते, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. उपयुक्त ठरतो तो मोकळ्या मैदानावरील विखुरलेला उजेड.

कर्मवीरांच्या शाळा : इमारतीविना शिक्षण

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे कार्य साताऱ्यास आले व छत्रपती शाहू बोर्डिंगचा आरंभ झाला. सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहणारे हे वसतिगृह महात्मा गांधींनी १९२७ साली पाहिले. राजवाड्याच्या शाळेतील कोपऱ्याला रयतेच्या बोर्डिंगने दिलेले हे उत्तर होते. येथे स्वयंपाक, शेती, अभ्यास आणि बसण्याची पंगत सामाईक होती.

सन १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आल्यानंतर स्वयंसेवी शाळांना उत्तेजन मिळाले. रयत शिक्षण संस्थेने पुढील दशकभरात पाचशेहून अधिक अशा शाळा चालविल्या. इमारतीची वाट न पाहता देऊळ, चावडी, धर्मशाळा, झाडाची सावली जेथे मिळेल तेथे वर्ग भरविणे हे त्यांचे वैशिष्ट्य होते. व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'बनगरवाडी' (१९५५) या कादंबरीने माणदेशातील अशाच एकशिक्षकी शाळेचे जग मराठी वाचकांसमोर उभे केले. संस्थेच्या बोधचिन्हावर वटवृक्ष असणे या संदर्भात अर्थपूर्ण वाटते.

या शाळांची गैरसोय लपविण्याचे कारण नाही. पावसाळ्यात झाडाखालचा वर्ग मोडे, देवळाच्या गाभाऱ्यालगत अंधार असे आणि वसतिगृहांतील रात्रीचा अभ्यास कंदिलाच्या उजेडात चाले. परंतु दिवसा मोकळ्यावर शिकणे आणि सकाळ-संध्याकाळ शेतात किंवा बांधकामावर श्रम करणे या दिनक्रमामुळे विद्यार्थी दिवसाचे अनेक तास पूर्ण उजेडात राहत. 'कमवा व शिका' या योजनेचे आर्थिक व नैतिक मूल्य सर्वांनी गौरविले आहे. तिचे एक शारीरिक अंगही होते, असे आजच्या नेत्रविज्ञानाच्या आधारे म्हणता येते. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज साताऱ्यात सुरू झाले तेव्हा हा श्रमाचा दिनक्रम उच्च शिक्षणापर्यंत पोहोचला.

दृष्टीचे बदलते प्रश्न

विद्यार्थ्यांच्या दृष्टीचा विचार करताना काळानुसार रोगांचे स्वरूप बदलले हे ध्यानी घ्यावे लागते. एकोणिसाव्या शतकात व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुलांच्या डोळ्यांचे मुख्य शत्रू खुपऱ्या, देवी आणि 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाने येणारा रातांधळेपणा हे होते. १८७६-७८ व १८९६-९७ च्या दुष्काळांची झळ या परिसराच्या पूर्वभागाला तीव्रतेने बसली. कुपोषणाचा परिणाम डोळ्यांवर होतोच. मिरज येथे डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली सुरू केलेले मिशन रुग्णालय मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी दूरवर प्रसिद्ध झाले, यावरूनही नेत्ररोगांचा भार लक्षात येतो.

स्वातंत्र्योत्तर काळात १९६३ मध्ये राष्ट्रीय खुपरी नियंत्रण कार्यक्रम आणि १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाले. देवीचे निर्मूलन झाले. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतात खुपऱ्या ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचे प्रमाणित केले. जुने शत्रू मागे हटत असताना निकटदृष्टिता पुढे आली. दिल्लीतील शाळकरी मुलांच्या दोन पाहण्यांत हे प्रमाण अनुक्रमे ७.४ टक्के (२००२ मध्ये प्रकाशित) व १३.१ टक्के (२०१५ मध्ये प्रकाशित) आढळले. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती भिन्न असल्याने त्यांची तंतोतंत तुलना करता येत नाही. परंतु दिशा पुरेशी स्पष्ट आहे. २०५० पर्यंत जगातील सुमारे निम्मी लोकसंख्या निकटदृष्टी असेल, असा अंदाज २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित अभ्यासात वर्तविला आहे. पूर्वीचे प्रश्न दारिद्र्याशी निगडित होते. हा नवा प्रश्न बऱ्याच अंशी शिक्षणाशीच निगडित आहे.

आधुनिक संशोधन काय सांगते

मंद उजेडात वाचल्याने डोळे कायमचे बिघडतात, ही समजूत घरोघरी आढळते. मंद उजेडात डोळ्यांना ताण येतो, डोके दुखते, मूल पुस्तक जवळ ओढते हे खरे. पण अशा वाचनाने थेट कायमची इजा होते असा पुरावा नाही. निकटदृष्टितेत नेत्रगोल लांबट होतो. मोकळ्या जागेतील तीव्र प्रकाशामुळे दृष्टिपटलात डोपामिन हे द्रव्य स्रवते आणि ते नेत्रगोलाची अवाजवी वाढ रोखते, हा आज सर्वाधिक मान्यता असलेला सिद्धान्त आहे. सिडनी येथील २००८ च्या अभ्यासात घराबाहेर अधिक वेळ घालविणाऱ्या मुलांत हा दोष कमी आढळला. चीनमधील ग्वांगझू येथे पहिलीच्या मुलांना शाळेच्या प्रत्येक दिवशी ४० मिनिटे अधिक बाहेर ठेवण्याचा प्रयोग झाला. तीन वर्षांनंतर त्या गटात नव्याने दोष उद्भवण्याचे प्रमाण ३०.४ टक्के, तर इतर गटात ३९.५ टक्के होते. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तैवानने २०१० पासूनच मुलांनी रोज दोन तास बाहेर राहावे, असा राष्ट्रीय उपक्रम हाती घेतला आहे.

येथे आकड्यांचे प्रमाण समजून घेणे आवश्यक आहे. भारतीय राष्ट्रीय इमारत संहितेत दिवसाच्या प्रकाशाची गणना करताना बाहेरील आकाशाचा प्रकाश ८,००० लक्स धरला जातो आणि वर्गातील बाक व फळा यांवर त्याच्या १.९ ते ३.८ टक्के, म्हणजे साधारण १५० ते ३०० लक्स, प्रकाश अपेक्षिला आहे. बाहेर निरभ्र दिवशी झाडाच्या सावलीतही बहुधा अनेक हजार लक्स प्रकाश असतो. म्हणजे उत्तम खिडक्यांचा वर्गदेखील सावलीतील अंगणाच्या कितीतरी मागे राहतो. यातून एक महत्त्वाचा भेद हाती येतो. खिडकी वाचनाच्या सुखासाठी, फळा स्पष्ट दिसण्यासाठी व मनाच्या प्रसन्नतेसाठी आवश्यक आहे; डोळ्यांच्या निकोप वाढीसाठी मात्र मैदानच हवे.

मनःस्वास्थ्याच्या बाबतीत पुरावा अधिक सावधपणे वाचावा लागतो. स्वीडनमध्ये १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खिडकीविरहित वर्गांतील मुलांच्या शरीरातील कॉर्टिसोल या संप्रेरकाचा वार्षिक क्रम बदललेला आढळला. अमेरिकेत १९९९ च्या एका पाहणीने प्रकाशमान वर्गांतील मुलांची प्रगती अधिक वेगाने होते असे दाखविले. पण २००३ मध्ये दुसऱ्या ठिकाणी केलेल्या पाहणीत तसाच निष्कर्ष मिळाला नाही, आणि खिडकीतून येणारी तिरीप हा अडथळाही ठरू शकतो हे दिसले. इंग्लंडमधील २०१५ च्या अभ्यासाने १५३ वर्गखोल्या तपासून विद्यार्थ्यांच्या प्रगतीतील सुमारे १६ टक्के फरकाचा संबंध वर्गाच्या भौतिक रचनेशी जोडला. त्यात प्रकाश हा एक ठळक घटक होता. डोळ्यांत पाहण्याच्या कामाखेरीज शरीराचे दैनंदिन घड्याळ चालविणाऱ्या स्वतंत्र प्रकाशसंवेदी पेशी असतात, हे २००२ च्या सुमारास सिद्ध झाल्याने या निष्कर्षांना जैविक आधार मिळाला.

विजेनंतरची वर्गखोली

कोयना प्रकल्पातून १९६२ साली वीजनिर्मिती सुरू झाली. त्याच वर्षी जिल्हा परिषदा अस्तित्वात येऊन प्राथमिक शाळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पुढील दोन-तीन दशकांत गावोगाव वीज, पत्र्याच्या किंवा कौलाच्या आणि नंतर स्लॅबच्या शाळा आल्या. १९८७ च्या 'खडू-फळा' मोहिमेने प्रत्येक प्राथमिक शाळेस सर्व ऋतूंत वापरता येतील अशा दोन मोठ्या खोल्या व रुंद व्हरांडा हे किमान प्रमाण ठरविले. हजारो मुलांच्या डोक्यावर छत आले, ही उपलब्धी नाकारता येत नाही. ज्या मुलींचे व दलित मुलांचे शिक्षण जागेअभावी किंवा भेदभावामुळे थांबत होते त्यांच्यासाठी स्वतःची, सर्वांना समान असलेली वर्गखोली ही मोठीच गोष्ट होती.

मात्र ट्यूबलाइट आल्यावर खिडकीचे महत्त्व इमारतीच्या आराखड्यातून ओसरू लागले. भारतीय मानक संस्थेने १९७६ साली शैक्षणिक इमारतींतील दिवसाच्या प्रकाशाविषयी स्वतंत्र संहिता तयार केली होती. रुरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने भारतीय आकाशाच्या प्रकाशाचा मूलभूत अभ्यास केला होता. हे ज्ञान ग्रामीण शाळाखोलीच्या बांधकामापर्यंत कितपत झिरपले, हा प्रश्नच आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या परिशिष्टात वर्गखोली, स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, क्रीडांगण आणि कुंपण यांचे निकष आहेत. वर्गातील प्रकाशाचा स्वतंत्र निकष नाही. महाविद्यालयांच्या मूल्यांकनात माहिती-तंत्रज्ञानाने सज्ज वर्गखोल्या मोजल्या गेल्या. खिडक्या मोजल्या गेल्याचे दिसत नाही. जे मोजले जाते तेच बांधले जाते, हा प्रशासनाचा सर्वसाधारण अनुभव येथेही लागू पडतो.

परिणामी आज पडद्यावर चित्र स्पष्ट दिसावे म्हणून खिडक्यांना जाड पडदे लावलेले वर्ग सर्वत्र आढळतात. सोसायटीच्या तळमजल्यावरील किंवा व्यापारी संकुलांतील शिकवणी वर्गांना अनेकदा खिडकीच नसते. शाळेआधी शिकवणी, शाळा आणि नंतर पुन्हा शिकवणी या क्रमात सातारा किंवा सांगली शहरातील दहावी-बारावीचा विद्यार्थी सूर्योदयानंतरचा उजेड फक्त सायकलवरून जाता-येता पाहतो. २०२०-२१ मधील ऑनलाइन अध्यापनाने जवळच्या पडद्याची सवय पक्की केली. शारीरिक शिक्षणाचा तास गणित-विज्ञानासाठी घेणे ही तर जुनी आणि सर्वमान्य झालेली प्रथा आहे. ज्या भूमीत सूर्यनमस्कार शाळेत आले व झाडाखालच्या वर्गांनी शिक्षणप्रसार केला, त्याच भूमीत ही स्थिती यावी याची नोंद इतिहासाच्या अभ्यासकाने घेतली पाहिजे.

निष्कर्ष

१. सातारा-सांगली परिसरात शिक्षण जसजसे पुस्तकाधिष्ठित होत गेले तसतशी डोळ्यांच्या कामाची गरज वाढली. त्याच काळात शाळा मोकळ्या जागेतून बंदिस्त खोलीत गेली.

२. वर्गातील प्रकाशाची वाटणी सामाजिक दर्जाशी निगडित होती. मोकळ्या शाळांचे गौरवीकरण करताना तेथील बहिष्काराचा विसर पडू देणे योग्य नव्हे. कोपऱ्यातील गोणपाट आणि रयतेची एक पंगत ही या इतिहासाची दोन टोके आहेत.

३. औंधचा सूर्यनमस्काराचा उपक्रम व रयत शिक्षण संस्थेतील श्रमाधिष्ठित दिनक्रम यांचा हेतू नेत्रारोग्य हा नव्हता. तथापि विद्यार्थ्यांना नियमित मोकळा उजेड मिळवून देणाऱ्या प्रथा म्हणून त्यांचे मूल्य आजच्या संशोधनामुळे नव्याने ध्यानात येते.

४. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इमारतींचा प्रश्न बराच सुटला, पण प्रकाशाचा प्रश्न शासकीय निकषांतून निसटला. आजची निकटदृष्टिता ही शिक्षणपद्धतीनेच पोसलेली समस्या असल्याने तिचे निराकरणही शिक्षणसंस्थांकडून अपेक्षित आहे.

शिफारशी

नवीन इमारतींत उत्तर-दक्षिण खिडक्या, छज्जे व फिकट रंगाच्या भिंती यांचा आग्रह धरावा. पडद्याचा वापर नसताना खिडक्या उघडण्याची शिस्त असावी. बाकांच्या जागा ठरावीक दिवसांनी बदलाव्यात, म्हणजे खिडकीजवळची व फळ्याजवळची जागा एकाच गटाची मिरास होणार नाही. शारीरिक शिक्षणाचा तास, परिपाठ व मधली सुट्टी शक्यतो मैदानावर किंवा झाडाच्या सावलीत घ्यावी. कडक उन्हाच्या वेळा टाळाव्यात. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील नेत्रतपासणीचा शिक्षकांनी पाठपुरावा करावा आणि चष्मा लागलेले मूल तो प्रत्यक्ष वापरते की नाही हे पाहावे. विशेषतः मुलींच्या बाबतीत चष्म्याविषयीच्या संकोचाचा विचार पालकसभेत व्हावा. महाविद्यालयांतील भूगोल, भौतिकशास्त्र व इतिहास विभागांनी एकत्र येऊन आपापल्या परिसरातील शाळाखोल्यांतील प्रकाशाची मोजणी हाती घेतली, तर पुढील अभ्यासकांना अनुमानांवर विसंबून राहावे लागणार नाही. यांतील बहुतेक उपायांना मोठा खर्च लागत नाही. लागतो तो वेळापत्रकात मैदानाला जागा देण्याचा निर्णय.